पुन्हा पुन्हा म्हणणं वेगळं, व्यर्थ बडबड वेगळी

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, आम्हा कॅथलिकांच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. तो लागला की हा वाद ठरलेला. एक जण बायबलमधलं मत्तय ६:७ काढतो: ‘व्यर्थ बडबड करू नका’ असं येशूच म्हणतो, मग तुमची पन्नास वेळा ‘नमो मरिया’ ही पोपटपंची नाही तर काय? त्यावर आमच्यातला कोणीतरी तावातावाने सांगतो की देव भावाचा भुकेला, लक्ष असो वा नसो. दोघांचाही कंटाळा आलाय. पहिल्याला पुनरुक्ती म्हणजेच बडबड वाटते आणि दुसरा बडबडीलाच भक्ती ठरवून मोकळा होतो.

रोझरी कशी म्हणतात ते थोडक्यात: येशू आणि मरिया यांच्या जीवनातले पाच प्रसंग, म्हणजे ‘रहस्यं’, एकेक करून मनात आणायचे आणि प्रत्येक रहस्याला दहा मण्यांवर दहा ‘नमो मरिया’ म्हणायचे. गुडघे टेकून की बसून, मण्यांवर की बोटांवर, याने काही बिघडत नाही.

पुनरुक्तीचा मुद्दाही लवकर निकालात निघतो. बडबडीविषयी बजावल्यावर दोनच वचनांनी येशू ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवतो, म्हणजे ठरलेल्या शब्दांची प्रार्थना. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय २६:४४). स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीत तेच पालुपद. येशू नाकारतो तो हिशोब: जास्त बोललो की देव जास्त ऐकेल. जुन्या करारात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत राहिले, ते याच हिशोबाने.

आणि स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना आपोआप मनापासूनची होते, हे कोणी सांगितलं? दर चौथ्या शब्दाला ‘प्रभू’, मध्येच शेजाऱ्याच्या घरची बातमी देवाच्या कानावर घालणं, शेवटी जमलेल्यांसाठी दोन टोमणे. अशा प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्यात. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी आत्म्याने प्रार्थना करीन आणि बुद्धीनेही करीन. मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द त्याला बरे वाटतात. शब्द पाठ आहेत की ताजे, हा तिथे प्रश्नच नाही.

खरी गल्लत होते ती पुढे. मन भरकटणं आणि मन आणलंच नसणं, या दोन गोष्टी लोक एकाच पोत्यात घालतात.

दुःखाचं तिसरं रहस्य घ्या, काट्यांचा मुगुट. पहिल्या दोन मण्यांना तो मुगुट, ती थट्टा डोळ्यांसमोर असते. चौथ्या मण्याला पाण्याची मोटर बंद केली का, हे आठवतं. सहाव्याला उद्याची डोंबिवली लोकल. हे भरकटणं. थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने तेराव्या शतकातच याचा निवाडा केलाय: माणसाचं मन अशक्त, फार वेळ उंचावर टिकत नाही. प्रार्थनेच्या हेतूने सुरुवात केली असेल तर नकळत मन गेल्याने प्रार्थना फुकट जात नाही, मात्र तिची गोडी जाते. पण जाणूनबुजून मन सोडून दिलं तर ते पाप.

लक्षाचे तो तीन प्रकार सांगतो: शब्द चुकू नयेत म्हणून शब्दांवर, अर्थावर, आणि देवावर व जे मागतोय त्यावर. तिसरं सगळ्यात गरजेचं, आणि ते अडाण्यालाही जमतं. म्हणून ‘आमच्या आजीला अर्थ कुठे कळत होता’ असं हसणाऱ्यांचा मला राग येतो. आजी कोणासमोर बसलीय आणि कोणासाठी मागतेय, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता मयताच्या घरची रोझरी आठवा. ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो, उरलेला बाकीचे; पण म्हणणाऱ्याचा शेवटचा ‘येशू’ उच्चारून व्हायच्या आतच बाकीच्यांचं ‘पवित्र मरिये’ सुरू झालेलं असतं, पाचही रहस्यांची नावं एका दमात, आणि चहा आत तयार. इथे मन भरकटलं नाही, ते चपलांबरोबर बाहेरच राहिलं. याला बडबड म्हणा, माझी हरकत नाही. पोप सहावे पॉल यांनीही १९७४ मध्ये लिहिलं की चिंतनाशिवायची रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर.

गंमत म्हणजे प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथरही इथेच येऊन पोचतो. १५३५ मध्ये आपल्या न्हाव्यासाठी, पेटरसाठी, त्याने प्रार्थनेवर छोटी पुस्तिका लिहिली. चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर हवं, गप्पांत रमला तर नाक कापेल, असं त्यालाच सुनावलं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे तीच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, हीच पृथ्वीवरची सर्वांत मोठी हुतात्मा, कारण जो तो तिचे हाल करतो, हेही त्यातलंच. पण म्हणून ल्यूथरने ती टाकून दिली नाही. एकेक मागणी घेऊन थांबायला शिकवलं. जेज्वीट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याचीही तशीच एक रीत आहे: एका श्वासाला एक शब्द.

घाईच्या पाच रहस्यांपेक्षा मी सावकाश एकच म्हणेन. घरच्यांना हे पटत नाही.

उलट टोकाचेही लोक आहेत: मन गेलं म्हणून दहाच्या दहा मणी पुन्हा पहिल्यापासून मोजणारे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक २७२९) सांगतो की विचलनाच्या मागे धावणं म्हणजे त्याच्याच सापळ्यात पाय देणं. सातव्या मण्याला भान आलं तर आठवा धरावा, आणि मोटरची शंका खरीच असेल तर उठून ती आधी बंद करून यावी.