उत्पन्नाचा दाखला आणि आयटीआर: एकाच घराचे दोन आकडे

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले की सोलापुरातल्या महा ई-सेवा केंद्रांवर हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "आम्ही दरवर्षी आयटीआर भरतोय की, मग हा दाखला आणि कशाला?" दुसऱ्या टोकाचा प्रश्न घाबरत घाबरत येतो: "दाखला साडेपाच लाखांचा निघालाय, आता इन्कम टॅक्सची नोटीस येणार काय?" दोन्ही कागदांवर उत्पन्नाचाच आकडा असतो, म्हणून एक असला की दुसऱ्याचं काम भागेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ते मोजतात वेगळं, आणि मोजून घेणारेही वेगळे.

आयटीआर म्हणजे आयकराचं विवरणपत्र. तो एका माणसाचा असतो, त्याच्या पॅनला बांधलेला. नवरा-बायको दोघे कमावते असले तरी दोघांची विवरणपत्रं वेगळी. कर कुठल्या रकमेवर लावायचा, एवढंच आयकर खात्याला त्यातून ठरवायचं असतं. म्हणून वजावटी जातात, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बाजूला दाखवलं जातं, आणि खाली उरतो तो करपात्र आकडा. तहसीलदारांचा दाखला कुटुंबाचा असतो. या घरात वर्षाला सगळीकडून मिळून किती येतं, हे शासनाला योजनेसाठी बघायचं असतं. तिथं वजावट नाही, आणि शेती बाजूला ठेवायची सोयही नाही.

एक घर डोळ्यांपुढे आणा. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, पगार वर्षाला ३,६०,०००. आई घरी विड्या वळते, तिचे ४८,०००. सांगोल्याकडं वडिलांच्या नावावर थोडं डाळिंब आहे, खर्च जाऊन १,५०,००० हातात येतात. मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय. वडिलांचा आयकराचा हिशोब नवीन करप्रणालीत असा: पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले २,८५,०००. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ४ लाखांपर्यंत कर नाही आणि डाळिंबाचे पैसे करमुक्त, म्हणजे कर शून्य. आईचा तर आयकराशी संबंधच येत नाही. दाखल्यावर मात्र या घराचं उत्पन्न ५,५८,००० लागायला हवं. २,८५,००० आणि ५,५८,००० हे दोन्ही आकडे खरे आहेत, कुणीही काही लपवलेलं नाही.

आता हे ५,५८,००० कुठं चालतात ते बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख आहे, तिथं हे घर आरामात बसतं. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून जी शुल्कमाफी आहे, तिचीही मर्यादा ८ लाखच. पण शैक्षणिक कर्जावरच्या व्याज अनुदानाच्या केंद्राच्या योजनेची मर्यादा कुटुंबासाठी साडेचार लाख आहे, त्यात हे घर बसत नाही. वडिलांचा आयटीआर २,८५,००० चा आहे म्हणून तो जोडून पाहायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. तिथं सक्षम अधिकाऱ्याचा कुटुंबाचा दाखलाच लागतो, आणि अर्ज परत आला की मुलीचे प्रवेशाचे दिवस वाया जातात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरसुद्धा दाखल्याच्या जागी आयटीआर अपलोड करणारे दरवर्षी अडकतात.

या दोन कागदांचं नातं आहे, पण ते एकाच बाजूनं. दाखला काढताना उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयटीआर जोडता येतो. पगारदाराला फॉर्म १६ चालतो, पेन्शनरला बँकेचं प्रमाणपत्र, जमीन असेल तर सातबारा, ८-अ आणि तलाठ्याचा अहवाल. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ज्या घरांकडं यातलं काहीच नसतं, त्यांचं काम चौकशी-अहवालावर आणि स्वयंघोषणापत्रावर चालतं. म्हणजे आयटीआर दाखल्याच्या पोटात जातो, त्याची जागा घेत नाही. आणि स्वयंघोषणापत्राखाली सही तुमची असते, एजंटची नाही. आकडा "बसवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पुढं पडताळणीत तफावत निघाली तर शिष्यवृत्तीही जाते आणि खोट्या माहितीचा गुन्हाही तुमच्याच नावावर लागतो.

नोटिशीची भीती मात्र बिनबुडाची आहे. ५,५८,००० हे तीन ठिकाणचे पैसे आहेत, एका पॅनवरचं करपात्र उत्पन्न नव्हे.

दुसरी भीती जास्त नुकसान करते: "रिटर्न भरलं की योजना बंद होते." पीएम किसानची अट नीट वाचा. मागच्या निर्धारण वर्षात (कमाईच्या पुढचं वर्ष, ज्यात कर ठरतो) ज्यांनी आयकर भरला, ते अपात्र. गृहकर्जासाठी किंवा कापलेला टीडीएस परत मिळवायला शून्य कराचं विवरणपत्र दिलं, म्हणजे कर भरला असं होत नाही. या भीतीपोटी लोक स्वतःचा परतावा सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि घरात आयकरदाता नको, अशा दोन वेगळ्या अटी आहेत. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर तिथं दाखला लागत नाही.

उलटी गल्लतही होते. १२ लाखांपर्यंत कर नाही, हे २०२५ च्या अर्थसंकल्पापासून सगळ्यांना पाठ झालंय. ती ८७अ कलमाखालची, फक्त करावरची सवलत आहे. १० लाखांच्या पगारदाराचा कर शून्य झाला, तरी ८ लाखांच्या मर्यादेच्या योजनेसाठी त्याचं घर १० लाखांचंच राहतं.

आठ लाखांतही एक गुंता आहे. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी पगार, शेती, धंदा सगळं धरतात. ओबीसींच्या आरक्षणाला लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, पण आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत मोजत नाहीत. सरकारी नोकरीतलं पद मात्र वेगळं तपासतात.

कागद जोडण्याआधी वर्ष जुळवा. २०२४-२५ मध्ये कमावलेल्या पैशांच्या आयटीआरवर निर्धारण वर्ष २०२५-२६ छापलेलं असतं, आणि दाखल्यावर मात्र २०२४-२५ च असतं. ते बघून कुणी म्हणालं की कागद एका वर्षाचे नाहीत, तर आयटीआरच्या पावतीवर निर्धारण वर्ष लिहिलंय ते दाखवा. दाखला एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हेही अर्ज टाकतानाच विचारून घ्या. नॉन-क्रिमीलेयर काढायचं असेल तर तीन वर्षांचाच मागा.