संशयास्पद फाईलची डिजिटल सही तपासणे

टास्क मॅनेजरमधे कधी न ऐकलेलं नाव दिसतंय, किंवा ब्राउझरचं होमपेज आपोआप बदललंय आणि मागे कुठली तरी ईएक्सई (प्रोग्रामची फाईल) चालू आहे, अशा वेळी ती फाईल नेमकी कोणाची आणि बनवणाऱ्याच्या हातून सुटल्यावर मधे कोणी तिच्यात काही घुसडलंय का हे बघायची पद्धत म्हणजे डिजिटल सही तपासणे. अ‍ॅडवेअर, टूलबार, ब्राउझर हायजॅकर (ब्राउझरची सेटिंग परस्पर बदलणारं) असलं नको असलेलं सॉफ्टवेअर शोधताना ही पहिली चाळणी म्हणून वापरतात. सही आहे म्हणजे फाईल चांगली आणि सही नाही म्हणजे व्हायरस, असं धरून चालणारे खूप आहेत आणि बहुतेक घोळ तिथेच होतो, कारण सही फक्त नाव सांगते, चारित्र्याचा दाखला देत नाही.

विंडोजमधल्या या पद्धतीला ऑथेंटिकोड म्हणतात, मायक्रोसॉफ्टने ती १९९६ मधे आणली. सॉफ्टवेअर बनवणारा फाईलचा हॅश काढतो, म्हणजे फाईलच्या बाइट्सवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा (हल्ली शा-२५६, म्हणजे २५६ बिटचा), एक बाइट बदलला तरी तो आकडा पार वेगळा येतो. मग तो हॅश स्वतःच्या प्रायव्हेट कीने (फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने) साइन करतो आणि सोबत सर्टिफिकेट जोडतो. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने त्याची ओळख तपासलेली असते, आणि त्या संस्थेचं रूट (मूळ) सर्टिफिकेट विंडोजमधे आधीपासून असतं, अशी ती साखळी. तपासताना विंडोज हॅश परत काढतं, सहीतल्या हॅशशी जुळवतं आणि साखळी विश्वासातल्या रूटपर्यंत पोचते का ते बघतं.

यात एक गंमत आहे, सही फाईलच्या आतच बसते त्यामुळे हॅश काढताना सहीचा भाग आणि चेकसम (फाईलमधेच नोंदलेला पडताळणीचा आकडा) वगळावाच लागतो, नाहीतर सही चिकटवल्या चिकटवल्या हॅश मोडेल. पण या वगळलेल्या जागेत जास्तीचे बाइट्स कोंबले तरी सही वैधच दिसते. मायक्रोसॉफ्टने २०१३ मधे यावर कडक तपासणी आणली पण ती ऐच्छिक ठेवली, आपणहून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) चालू करावी लागते, आणि मग २०२१ च्या शेवटी झीलोडर नावाच्या मालवेअरने मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या डीएलएलमधे (प्रोग्राम आत ओढून वापरतो त्या कोडच्या फाईलमधे) याच फटीतून आपली स्क्रिप्ट घुसवली. आठ वर्षं माहीत असलेली फट!

तपासायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब. टॅब दिसला की लोक समाधानाने विंडो बंद करतात, तसं करू नका. दुसऱ्या कुठल्या तरी फाईलची सही उचलून चिकटवलेली असली तरी टॅब दिसतो आणि नावही मोठ्या कंपनीचं दिसतं, सही निवडून डिटेल्स दाबल्यावरच ती वैध आहे की नाही ते कळतं. पॉवरशेलमधे, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या विंडोमधे, गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही कमांड आहे, ती व्हॅलिड (वैध), नॉटसाइन्ड (सही नाही), हॅशमिसमॅच (हॅश जुळत नाही) असा स्टेटस देते. यातला हॅशमिसमॅच सगळ्यात वाईट, साइन न केलेली फाईल निरागस असू शकते पण साइन केल्यावर बदललेल्या फाईलला कारण द्यावं लागतं, अगदी डाउनलोड होताना फाईल बिघडली इतकं साधं असलं तरी.

एकेक फाईल बघत बसायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं सिगचेक वापरतात. त्याला यू स्विच (कमांडसोबत लिहायचा पर्याय) दिला की फक्त साइन नसलेल्या फाईल दाखवतं आणि ई दिला की एक्स्टेन्शन काहीही असो, खरोखर चालू शकणाऱ्या फाईलच तपासतं, त्यामुळे डॅट किंवा टेम्प नावाखाली लपलेली ईएक्सईपण सापडते. त्याच संचातल्या ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी दाखवणारं) आणि प्रोसेस एक्सप्लोरर (चालू प्रोग्राम दाखवणारं) यांच्यामधे पण सही तपासायचा ऑप्शन आहे, आणि ऑटोरन्समधे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की शेकड्यांची यादी हाताळण्याइतकी होते.

नवखा माणूस हमखास घाबरतो ती जागा म्हणजे नोटपॅड. सिस्टिममधल्या नोटपॅडला बऱ्याच मशीनवर डिजिटल सिग्नेचर्स टॅबच नसतो, कारण विंडोजच्या खूप फाईल्सची सही फाईलमधे नसून वेगळ्या कॅटलॉग फाईलमधे असते, तिथे त्यांच्या हॅशची यादी असते आणि सही त्या यादीवर. सिगचेक कॅटलॉगपण बघतं, म्हणून नुसता टॅब नाही एवढ्यावरून सिस्टिमची फाईल डिलीट करू नये.

नाव वाचताना दोन नावं वेगळी ठेवायची. प्रॉपर्टीजच्या डिटेल्समधे जे कंपनीचं नाव असतं ते बनवणाऱ्याने टाइप केलेलं असतं, तिथे कोणीही मायक्रोसॉफ्ट लिहू शकतो. सर्टिफिकेटमधलं नाव मात्र तपासलेलं. ही दोन जुळत नसतील, किंवा एसव्हीसीहोस्ट हे विंडोजच्याच फाईलचं नाव घेतलेली फाईल सिस्टिम३२ हा विंडोजचा फोल्डर सोडून अ‍ॅपडेटामधून चालतेय आणि वर साइनपण नाहीये, तर संशय पक्का धरावा. एक्स्पायर झालेल्या सर्टिफिकेटला मात्र घाबरायचं कारण नाही, सही करताना टाइमस्टॅम्प (सही कधी केली याची नोंद) घेतलेला असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपली तरी सही वैध राहते.

आता सही चोख असूनही फाईल वाईट, हा प्रकार. अ‍ॅडवेअरवाले बऱ्याचदा रीतसर नोंदवलेल्या कंपन्याच असतात, पैसे भरून सर्टिफिकेट घेतात आणि टूलबार व्यवस्थित साइन करून देतात, म्हणून नको असलेलं सॉफ्टवेअर शोधताना ‘वैध’ हा शब्द वाचून पुढे जाण्यात काही अर्थ नाही, कोणाचं नाव आहे आणि ते आपण कधी इन्स्टॉल केलं होतं का ते बघायचं. दुसरा प्रकार चोरीचा, २०१० मधे उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरचे ड्रायव्हर आधी रियलटेक आणि मग जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या कीने साइन केलेले होते. तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, त्यात सही खऱ्या मालकानेच केलेली असते. २०१७ मधे सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रामची ५.३३ आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सहीसकट मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप आत शिरायची वाट) घेऊन सुमारे २२.७ लाख मशीनवर पोचली, आणि २०२० मधे सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधली बाधित डीएलएलपण अशीच नीट साइन केलेली होती, बिल्ड होतानाच (फाईल तयार होत असतानाच) कोड घुसवल्यावर सही तरी काय करणार. असं कळल्यावर सर्टिफिकेट रद्द करतात, पण नेट बंद असलेल्या मशीनला ती रद्दची यादी मिळत नाही. चोऱ्या कमी व्हाव्यात म्हणून १ जून २०२३ पासून प्रायव्हेट की हार्डवेअर टोकनमधे किंवा तसल्याच सुरक्षित यंत्रात ठेवणं सर्टिफिकेट घेणाऱ्यांना बंधनकारक झालंय.

आणखी एक पळवाट म्हणजे साइन केलेल्या चांगल्या ईएक्सईशेजारी त्याच फोल्डरमधे साइन नसलेली डीएलएल ठेवायची, ईएक्सई चालू झाली की ती डीएलएल आत ओढते. त्यामुळे फोल्डरमधलं सगळं तपासावं. बाधित मशीनवरची तपासणीपण आंधळेपणाने मानू नये, मालवेअर स्वतःचं रूट सर्टिफिकेट विश्वासाच्या यादीत टाकू शकतं, आणि काहींनी तर उलट करून अँटिव्हायरस कंपन्यांची सर्टिफिकेट्स अविश्वासाच्या यादीत टाकलीयत, म्हणजे अँटिव्हायरस चालूच होत नाही. फाईल न उघडता स्वच्छ मशीनवर नेऊन बघितलेलं बरं.

मॅकवर हेच काम कोडसाइन कमांड करते आणि २०१२ पासून मॅकमधलाच गेटकीपर ते आपोआप बघतो. लिनक्सवर सही बहुतेकदा वेगळ्या फाईलमधे येते आणि जीपीजी नावाच्या प्रोग्रामने तपासतात, तिथे कुठली की आपली मानायची ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

एवढं करूनही सही नसलेली, ओळख न पटणारी फाईल उरलीच तर तिचा शा-२५६ हॅश काढून व्हायरसटोटल या फाईल तपासणाऱ्या वेबसाइटवर शोधतात. आधी नुसता हॅशच टाकायचा, कारण अख्खी फाईल चढवली तर ती तिथल्या इतर सदस्यांच्याही हाती लागू शकते, आणि आत काही खाजगी असलं तर पंचाईत. हॅश कुठेच सापडला नाही तर फाईल तिथे अजून कोणी दिली नाहीये इतकंच कळतं, मग ती चालू न करता बाजूला ठेवून काही दिवसांनी परत शोधतात.