पार्श्वभूमी: खजिन्याचे साहसपट, ‘पीजी’ आणि 1984 चा उन्हाळा

1 जुलै 1984 पूर्वीच्या अमेरिकी चित्रपटावर ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाने बघावा, अशी वयोगटाची श्रेणी) लिहिलेलं असेल, तर तेवढ्यावर विसंबून सहा-सात वर्षांच्या मुलाला समोर बसवू नये. त्या तारखेआधी ‘पीजी’च्या वर थेट ‘आर’ (मुलांना एकट्याने बंदी) होता, मधे काहीच नव्हतं. त्यामुळे ‘आर’ द्यावा इतका वाईट नाही, असं ठरलेलं सगळं ‘पीजी’त येऊन पडे. या सोयीचा फायदा खजिनाशोधाच्या चित्रपटांनी भरपूर उचलला. या प्रकारात सांगाडे, भुयारं आणि सापळे लागतातच, आणि हावरट माणसाचा शेवट भयानकच व्हावा अशी रीतही आहे.

ही रीत पुस्तकांतून आली. ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी 1881-82 मध्ये मुलांच्या नियतकालिकात क्रमशः आली आणि 1883 मध्ये पुस्तक झाली. त्यात एक पोरगा पिस्तुलाने माणूस मारतो, तेव्हा कुणाला त्याचं वावगं वाटलं नाही. पुढे हॉलिवूडमध्ये 1934 पासून 1968 पर्यंत काय दाखवू नये याची आचारसंहिता कडकपणे लागू होती. तेव्हा वयोगटाचा प्रश्नच नव्हता, कारण पडद्यावर येणारा प्रत्येक चित्रपट सगळ्यांनी बघण्याजोगा आहे असं गृहीत धरलं जाई. ‘ट्रेझर आयलंड’वरचा 1950 चा चित्रपट 1975 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. तोवर वयोगटांनुसार वर्गीकरण आलं होतं, आणि ‘जी’ (सगळ्यांसाठी) ही श्रेणी मिळवण्यासाठी त्याच्यातली हाणामारी कापावी लागली. म्हणजे 25 वर्षांपूर्वी बिनबोभाट चाललेला चित्रपट नव्या मोजपट्टीत बसेना.

नोव्हेंबर 1968 मध्ये वर्गीकरण सुरू झालं. मधल्या श्रेणीचं नाव दोनदा बदलून 1972 मध्ये ‘पीजी’ ठरलं. नाव बदललं तरी तिचा पसारा तेवढाच राहिला.

1981 च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’कडे या नजरेने बघण्यासारखं आहे. शेवटी शोधातली प्राचीन पेटी उघडते आणि तीन खलपात्रं तीन तऱ्हांनी मरतात: एकाचं डोकं आक्रसतं, दुसऱ्याचं वितळतं, तिसऱ्याचं फुटतं. वितळणाऱ्या डोक्यासाठी कवटीवर रंगीत जिलेटिनचे थर चढवून उष्णता दिली होती. कॅमेरा फार सावकाश चालवल्यामुळे कित्येक मिनिटांचं ते वितळणं पडद्यावर काही सेकंदांत उरकतं. फुटणाऱ्या डोक्यावरून मात्र ‘आर’ मिळण्याची वेळ आली. तेव्हा दृश्य काढून न टाकता त्याच्यावर आगीचा लोळ चढवला आणि चित्रपट ‘पीजी’त बसवला. त्याआधी विमानाच्या पंख्यात माणूस सापडतो तिथे पंखा दिसत नाही, फक्त शेपटीवर उडालेलं रक्त दिसतं. नेमकं काय आणि किती झाकलं म्हणजे श्रेणी खाली येते, हे निर्मात्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं.

मग 23 मे 1984 ला याच मालिकेतला दुसरा चित्रपट ‘टेंपल ऑफ डूम’ आला. पुजारी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून धडधडतं हृदय बाहेर काढतो. रक्ताची धार कुठेच नाही, छाती पुन्हा मिटते, माणूस जिवंतच असतो आणि त्याला लाव्हात उतरवतात. हृदय पुजाऱ्याच्या हातात पेट घेतं. भोवती खाणीत जुंपलेली, चाबकाचे फटके खाणारी मुलं आहेत, आणि नायकाबरोबर हिंडणारा पोरगाही त्या माराला चुकत नाही. एवढं असून श्रेणी ‘पीजी’. 16 दिवसांनी, 8 जूनला, ‘ग्रेमलिन्स’ आला. गोंडस प्राण्याच्या जाहिराती बघून पालक मुलांना घेऊन गेले, आणि आत एक राक्षस मिक्सरमध्ये व दुसरा मायक्रोवेव्हमध्ये फुटला. त्यालाही ‘पीजी’च. दोन्ही चित्रपटांशी एकाच बड्या दिग्दर्शकाचा संबंध होता, पहिल्याचा दिग्दर्शक म्हणून आणि दुसऱ्याचा निर्मात्यांपैकी एक म्हणून. मधली एक श्रेणी काढा, असं त्यानेच वर्गीकरण करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला सुचवलं. 1 जुलैला ‘पीजी-13’ लागू झाला. ‘टेंपल’ प्रदर्शित झाल्यापासून सहा आठवडेसुद्धा उलटले नव्हते.

हा निर्णय पालकांसाठी झाला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ‘आर’ असेल तर 17 वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय चित्रपटगृहात सोडत नाहीत. ‘पीजी-13’ला दारात कुणी अडवत नाही, तो नुसता इशारा आहे. दहा वर्षांचं पोर एकटं जाऊन तिकीट काढू शकतं. म्हणजे पालकांच्या हाती इशारा पडला आणि निर्मात्यांच्या हाती मोकळं मैदान. ‘टेंपल’ला ‘आर’ द्यायला हवा होता का, हा मूळ प्रश्न नव्या श्रेणीने सोडवला नाही, बाजूला सारला. शिवाय श्रेणी मागच्या तारखेने लागू झाली नाही. ज्या चित्रपटामुळे ती निघाली, त्याच्यावर अमेरिकेत ‘पीजी’च कायम आहे.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. तिथे ‘पीजी’साठी याच चित्रपटातला एक मिनिटाहून अधिक भाग कापला गेला, आणि मुख्य कात्री हृदय काढून बळी देण्याच्या प्रसंगाला लागली. 12 वर्षांची श्रेणी तिथे 1989 मध्ये आली. न कापलेली प्रत ‘12’ म्हणून मान्य व्हायला 2012 उजाडलं. त्यामुळे जुनी डिस्क हाती लागली तर ती कुठल्या देशाची आहे ते आधी बघावं. एका घरात ‘त्यात तसं काही नाही’ आणि दुसऱ्यात ‘मूल रात्रभर झोपलं नाही’, अशी दोन्ही मतं एकाच चित्रपटाबद्दल खरी असू शकतात.

या सगळ्या वादात मेजवानीचा प्रसंग कुणी मोजलाच नाही. राजवाड्यात सापाच्या पोटातून वळवळणारे लहान साप, किडे, डोळे तरंगणारं सूप आणि शेवटी माकडाचा थंडगार मेंदू वाढतात, आणि हे भारतीय जेवण म्हणून दाखवलं जातं. पटकथेवरच्या आक्षेपांमुळे भारतात चित्रीकरण जमलं नाही, ते श्रीलंकेत कँडीजवळ झालं. हृदय उपटणारा पुजारी मात्र हिंदी पडद्यावरचा गाजलेला खलनायकच होता. श्रेणी रक्त मोजते, शिव्या मोजते, नग्नता मोजते. एखाद्या समाजाचं विद्रूप चित्र मोजण्याची सोय तिच्यात नाही. मुलांबरोबर बघायचं असेल तर याबद्दल बोलण्याची तयारी ठेवावी. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ते जेवण खरं वाटतं.

1984 नंतर हा प्रकारच ‘13’च्या दिशेने सरकला. 1985 चा ‘गूनीज’ पोरांचाच, शिव्यांनी भरलेला, तरी ‘पीजी’. पण 1989 मध्ये ‘रेडर्स’च्या मालिकेतला तिसरा भाग ‘पीजी-13’ झाला. 1999 चा ‘द ममी’, 2001 चा ‘टूम रेडर’ आणि 2022 चा ‘अनचार्टेड’ तिथेच गेले. 2003 मध्ये चाच्यांच्या खजिन्याच्या चित्रपटाने डिस्ने या नावाखाली पहिल्यांदाच ‘पीजी-13’ आणला. तेव्हापासून डिस्नेचं नाव म्हणजे लहानांसाठी, हा हिशेब चुकू लागला.

‘पीजी-13’ची हिंसा कशी बेतायची, याचे आडाखे ठरून गेले आहेत. रक्त पुसायचं, माणूस पडताना चौकटीबाहेर ढकलायचा, घाव बसायच्या आत दृश्य तोडायचं. बंदुका मात्र हव्या तेवढ्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘पीजी-13’ चित्रपटांतली बंदुकीची हिंसा 1985 पासून तिपटीहून वाढल्याचं दिसलं. याउलट लैंगिक अर्थाची एक विशिष्ट शिवी एकदा चालते, दुसऱ्यांदा आली की सहसा ‘आर’. दहा माणसं गोळ्यांनी पडली तरी चालतात आणि एक शब्द दोनदा चालत नाही, हे तारतम्य पटणं कठीण आहे.

‘पीजी’त राहून हा प्रकार करता येतो, हे 2004 च्या ‘नॅशनल ट्रेझर’ने दाखवलं. पाठलाग, बंदुका, एकाचा खोल विवरात पडून मृत्यू, हे सगळं त्यात आहे. पण भार कोड्यांवर आहे आणि कॅमेरा प्रेतापाशी रेंगाळत नाही. 2019 चा ‘डोरा’ त्याहून सौम्य.

आपल्याकडे 1983 पासून ‘यूए’ ही 12 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सूचना देणारी एकच श्रेणी होती. ‘नॅशनल ट्रेझर’ आणि ‘अनचार्टेड’ यांच्यात फरक करण्याची सोय तिच्यात नव्हती. 2024 च्या नियमांनी तिचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले. तेही सूचनावजाच आहेत.

वयाचा आकडा बघताना मूल कशाला घाबरतं तेही बघावं. सात-आठ वर्षांपर्यंत भीती दिसण्यातून येते. वितळणारा चेहरा, सांगाडा, साप दिसला की पुरे, कथेत काय चाललंय याने फरक पडत नाही. ‘हे खोटं आहे’ असं समजावूनही या वयात फारसं साधत नाही, डोळे झाकायला सांगितलेलं अधिक कामी येतं. त्यापुढच्या वयात वितळणारं डोकं हसण्यावारी जातं आणि खाणीत डांबलेली मुलं किंवा आई-वडिलांपासून तुटलेलं पोर मनात राहतं. ‘रेडर्स’ची शेवटची दहा मिनिटं पहिल्या गटासाठी अवघड, ‘टेंपल’चा उत्तरार्ध दोन्ही गटांसाठी. नव्या चित्रपटांच्या श्रेणीखाली कारणाची एक ओळ छापलेली असते. 1990 मध्ये ती ‘आर’पासून सुरू झाली, म्हणून 1981 किंवा 1984 च्या मूळ जाहिरातींत ती सापडणार नाही. जिथे आहे तिथे ‘भीतिदायक प्रतिमा’ हे शब्द लहान मुलांसाठी ‘साहसी हाणामारी’पेक्षा जास्त महत्त्वाचे.