क्षारघोट

रीब्रीदर, म्हणजे पुनःश्वसन यंत्र, लावून पाण्याखाली गेलेल्या पाणबुड्याच्या श्वसनमार्गात पाणी शिरले, ते यंत्रातील सोडालाइमपर्यंत (उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या क्षारयुक्त दाण्यांपर्यंत) पोहोचले आणि तेथे तयार झालेला दाहक द्रव नळीवाटे तोंडात आला, तर त्या द्रवाला आणि त्याने होणाऱ्या इजेला पाणबुडे ‘कॉस्टिक कॉकटेल’ म्हणतात. या नोंदीत त्यासाठी ‘क्षारघोट’ हा शब्द योजला आहे. भाजलेल्या घशाच्या दुखण्याला मेजवानीतल्या पेयाचे नाव शोभत नाही, आणि खार व क्षार हे शब्द मराठी घरांत मुळातच नांदत आहेत.

यंत्र व रसायन : साध्या स्कूबा संचात उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात निघून जातो. रीब्रीदरमध्ये तो वाया जात नाही. मुखनळी, दोन पन्हळी नळ्या, श्वासपिशव्या आणि शोषकाचा डबा यांचे एक बंद वर्तुळ असते. एकदिशा झडपांमुळे वायू त्यातून एकाच दिशेने फिरतो. डब्यात कार्बन डाय-ऑक्साइड शोषला जातो, वापरलेल्या ऑक्सिजनची भर घातली जाते आणि तोच वायू पुन्हा छातीत जातो.

शोषक म्हणून बहुधा सोडालाइमचे दाणे वापरतात. त्यांत सुमारे तीनचतुर्थांश भाग विरी गेलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड), १५ ते २० टक्के पाणी आणि थोडा, साधारणपणे ३ ते ४ टक्के, दाहक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) असतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग सर्वांना आठवत असेल. डब्यात तीच क्रिया घडते, मात्र ती दाहक सोड्याच्या मध्यस्थीने. कार्बन डाय-ऑक्साइड आधी दाण्यावरच्या ओलाव्यात विरघळतो. दाहक सोड्याशी त्याची क्रिया होऊन सोडियम कार्बोनेट बनते. हे कार्बोनेट चुन्याशी संयोग पावते, त्यातून चुनखडी तळाशी बसते आणि दाहक सोडा पुन्हा मोकळा होतो. म्हणजे सोडा खर्ची पडत नाही, शेवटपर्यंत राबत राहतो. खर्च होतो तो चुना. या क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून चालू यंत्राचा डबा हाताला कोमट लागतो.

सारा प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा आहे. दाणा अगदी कोरडा असेल तर तो वायू नीट शोषत नाही, आणि भिजून चिंब झाला तर घातक ठरतो. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम उतरतो, तरीही त्या निवळीचा सामू (pH) १२.४ च्या घरात जातो. दाहक सोडा मात्र एका लिटर पाण्यात किलोभराहून अधिक विरघळतो. दोन किलो सोडालाइममध्ये ३ टक्के सोडा धरला तर तो ६० ग्रॅम होतो. अर्धा लिटर पाण्यात हा सगळा उतरला, तर लिटरला १२० ग्रॅम या प्रमाणाचा द्रव होईल. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात काही मिनिटांत एवढा सोडा निघून येत नाही, पण याच्या दशांशानेही तोंड सोलून निघते. दाण्यांत मिसळलेली भुकटी सर्वांत आधी विरघळते, म्हणून डबा भरण्यापूर्वी दाणे हलवून भुकटी झाडून टाकण्याला महत्त्व आहे. काही यंत्रांत लिथियम हायड्रॉक्साइड वापरतात. ते वजनाने हलके असते, पण त्याची धूळही श्वासमार्गाला असह्य होते.

आम्लापेक्षा क्षाराची इजा अनेकदा खोल जाते. आम्लाने पेशींतील प्रथिने गोठतात आणि तो थर पुढच्या शिरकावाला काहीसा आडवा येतो. क्षार प्रथिने विरघळवतो आणि स्निग्धांशाचे साबण करतो, त्यामुळे त्याची वाट मोकळी होत जाते. विड्यात चुना जास्त पडला की तोंड भाजते, ती याच इजेची सौम्य पायरी. खानदेशात उडदाच्या पापडासाठी वापरतात तो पापडखार याहून कितीतरी मवाळ असतो. तो कार्बोनेट वर्गातला आहे आणि दाहक सोड्याशी त्याची बरोबरी करता येत नाही.

उगमाविषयीची मते : श्वसनाचा वायू क्षाराने शुद्ध करण्याची कल्पना कोणाची, यावर एकमत नाही. कॉर्नेलिस ड्रेबेल याने १६२० च्या सुमारास टेम्स नदीत पाण्याखालून चालवलेल्या नावेत हवा ताजी करण्याची युक्ती होती, असे रॉबर्ट बॉइलच्या लेखनाच्या आधारे सांगतात. परंतु ती युक्ती सोरा तापवून वायू मिळवण्याची होती असे मानणारा पक्ष आहे, आणि ते खरे असेल तर ड्रेबेलला शोषकाच्या इतिहासात जागा देता येत नाही. स्टीफन हेल्सने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत क्षाराच्या द्रावणात भिजवलेल्या फ्लॅनेलच्या पडद्यांतून श्वास घेतला. त्यामुळे तीच हवा अधिक वेळ श्वासात घेता येते, असे त्याला दिसले. प्रस्तुत लेखकाला आरंभबिंदू म्हणून हेल्स अधिक भक्कम वाटतो, कारण शोषक आणि श्वास यांची गाठ तेथे निःसंदिग्धपणे पडते. अर्थात ‘स्थिर वायू’ (म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड) आणि चुना यांचा संबंध जोझेफ ब्लॅकने १७५० नंतरच्या दशकात उलगडला. त्याआधी या यशाचे कारण कोणाला नेमके सांगता आले नसते.

पाण्याखालच्या यंत्रांत फ्रान्समधील तूबुलिक याचे १८०८ चे पेटंट सर्वांत जुने म्हणून दाखवले जाते. त्यात चुन्याच्या द्रावणात भिजवलेला स्पंज होता. मात्र ते यंत्र प्रत्यक्ष वापरात आल्याचा पुरावा मिळत नाही. इंग्लंडच्या हेन्री फ्लूसच्या यंत्रासाठी १८७६ ते १८७९ या दरम्यानची निरनिराळी वर्षे दिली जातात, त्यांपैकी १८७८ हे वर्ष अधिक स्वीकारले जाते. दाहक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात भिजवलेले दोराचे तंतू हा त्याचा शोषक होता. म्हणजे तेथे क्षार आधीच द्रवरूपात होता, आणि क्षारघोटाचा धोका यंत्राबरोबरच जन्माला आला होता. हेच यंत्र पाठीवर घेऊन अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुडा १८८० च्या नोव्हेंबरमध्ये सेव्हर्न नदीखालच्या बुडालेल्या बोगद्यात उतरला. काळोखात सुमारे हजार फूट आत जाऊन त्याने लोखंडी दार बंद केले. हवेची लांब नळी ओढत तेथपर्यंत जाण्याचा प्रयत्न आधी फसला होता.

सोडालाइम हा पदार्थ मुळात प्रयोगशाळेतला आहे. सेंद्रिय पदार्थांतील नायट्रोजन मोजण्याच्या विल व फारेनट्राप यांच्या १८४१ च्या पद्धतीत तो वापरला होता. पहिल्या महायुद्धात वायुरोधक मुखवट्यांसाठी त्याच्या दाण्यांचा कठीणपणा, ओलावा आणि सोड्याचे प्रमाण यांचा बारकाईने अभ्यास झाला. पुढे राल्फ वॉटर्सने १९२४ मध्ये भूल देण्याच्या यंत्रात सोडालाइमचा डबा बसवला. त्यामुळे धुळे-जळगावच्या भूलतज्ज्ञाला हा पदार्थ रोजच्या परिचयाचा असतो, भले त्याने पाणबुड्याचा रीब्रीदर कधी पाहिला नसेल.

दाहक क्षाराची भारतीय परंपरा येथे नोंदवणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकाचा आहे. त्यात मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे क्षाराचे भेद केले आहेत आणि राखेच्या निवळीत भाजलेले शंखशिंपले व चुनखडी मिसळून क्षाराची तीव्रता वाढवण्याची कृती दिली आहे. रसायनाच्या भाषेत हे कार्बोनेटचे हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर होय, आणि प्रफुल्लचंद्र राय यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. क्षाराने पोळलेल्या जागी कांजीसारख्या आंबट द्रवाने शमन करावे, असेही तेथे सांगितले आहे.

आम्ल की पाणी : सुश्रुताचे हे शमन पाहून क्षारघोटावर लिंबाचे पाणी किंवा व्हिनेगर द्यावे, असा तर्क सुचतो, आणि जुन्या पाणबुड्यांत तशी रीत होती. अमेरिकी नौदलाची पाणबुड्यांसाठीची पुस्तिका मात्र सौम्य आम्लाची शिफारस करत नाही. उदासीनीकरणाच्या उष्णतेने इजा वाढते, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. सौम्य आम्लाच्या बाबतीत ही भीती अवाजवी आहे, असेही काही अभ्यासक म्हणतात. उष्णतेचा वाद बाजूला ठेवला तरी पाण्याचाच पक्ष उजवा ठरतो. पाणी तत्काळ हाताशी असते आणि कितीही वापरता येते. आंबट द्रवाने मात्र ओकारी येऊन तोच क्षार पुन्हा अन्ननलिकेतून वर येण्याचा संभव असतो. शिवाय सुश्रुताचा क्षार वैद्याने मोजून, डोळ्यांसमोरच्या जागी लावलेला असे, आणि घशात उतरलेल्या घोटाला तो दाखला लागू पडत नाही. तेल-तूप लावण्याचा घरगुती उपायही येथे टाळावा, कारण त्यात धुण्याची पहिली मिनिटे वाया जातात.

ओळख व तातडीची कृती : पाणी शिरल्याची पहिली खूण बहुधा कानांना कळते. नळीत गुडगुड होते. मग श्वास ओढायला जड जाते, श्वासपिशव्यांतील जागा पाण्याने घेतल्यामुळे अंग खाली खेचले जाते आणि तोंडाला खडूसारखी, साबणी चव येते. यांपैकी एकही खूण मिळाली की श्वास न ओढता मुखनळीची झडप बंद करावी आणि राखीव टाकीच्या साध्या नियंत्रकावर (टाकीतला वायू तोंडाशी देणाऱ्या साधनावर) यावे. झडप उघडी ठेवून मुखनळी सोडली तर उरलेले वर्तुळही पाण्याने भरते. शरीर उभे, डोके वर ठेवले की द्रव तोंडाकडे न येता खाली उतरतो.

आता काय शिरले आहे ते चाखून पाहू, जमल्यास पाणी झाडून पुढे जाऊ, हा मोह जिवावर बेततो. भिजलेल्या डब्यात वायूची वाट अरुंद होते आणि शोषण मंदावते, त्यामुळे क्षार तोंडात आला नाही तरी कार्बन डाय-ऑक्साइड साचून धाप, डोकेदुखी व बुद्धिभ्रंश होऊ शकतो. भ्रमित माणसाला यंत्र बदलण्याचा निर्णय सुचत नाही. ऑक्सिजन मोजणारे संवेदक ओले झाले तर आकडेही फसवे येऊ शकतात.

तोंडात द्रव आलाच तर गिळू नये. थुंकावा, भोवतालच्या पाण्याने चुळा भराव्यात आणि खोकला आला तर नियंत्रक तोंडात धरूनच खोकावे. क्षाराने स्वरयंत्र आवळले जाऊ शकते. अशा बंद घशाने वर झेप घेतली तर फुप्फुसातला वायू फुगून ते फाटते आणि वायूचे बुडबुडे रक्तात शिरतात. म्हणून श्वास मोकळा झाल्यावरच, नेहमीच्या मंद गतीने, ठरलेले थांबे घेत वर यावे. राखीव वायू एवढ्या सगळ्याला पुरेल असा हिशेब उतरण्यापूर्वीच केलेला असला पाहिजे. या सबंध विषयात याहून महत्त्वाची दुसरी तयारी नाही.

काठावर आल्यावर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा चुळा भरून थोडे पाणी प्यावे. जवळ फक्त समुद्राचे पाणी असेल तर त्याने तोंड धुवावे, ते पिऊ नये. ओकारी काढू नये. डोळ्यात द्रव गेला असेल तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे, शक्य तर त्याहून अधिक वेळ, धुऊन मगच वाहनात बसावे. सूज काही तासांनीही वाढते. आवाज बसणे, लाळ गळणे, गिळता न येणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे ही रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत, आणि तोंडातले व्रण किरकोळ दिसले म्हणून अन्ननलिका सुखरूप आहे असे समजू नये. रुग्णालयात ‘पाण्यात बुडाला होता’ एवढेच सांगून भागत नाही. सोडालाइमचा क्षार गेला आहे हे स्पष्ट सांगावे व डब्यावरची चिठ्ठी दाखवावी.

प्रतिबंध म्हणजे जोडांतील रबरी कड्या, झडपा आणि मुखनळी तपासणे, तसेच यंत्रात दाब वाढवून व कमी करून गळती पाहणे. कमी दाबाच्या चाचणीत पाणी आत ओढणारी फट सापडते. घाईत हीच चाचणी गाळली जाते.

खानदेशातील संदर्भ : तापी, गिरणा, पांझरा आणि वाघूर यांच्या डोहांत बुडालेल्यांचा शोध परंपरेने काठच्या भोई-कोळी समाजांतील पट्टीचे पोहणारे दम धरून, गळ टाकून घेत आले आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. अशा कामासाठी साधा स्कूबा संच पुरतो, कारण खोली बेताची आणि पाण्याखालचा मुक्काम थोडा असतो. तापी-पूर्णेच्या संगमाखालच्या हतनूर धरणासारख्या गाळाच्या पाण्यात रीब्रीदर वापरायचा झाला, तर हाताला हात दिसत नसताना झडप व राखीव नियंत्रक निव्वळ स्पर्शाने सापडण्याचा सराव हवा. साठवणीचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा वेळी उघडा डबा गाडीत राहिला तर दाण्यांतला ओलावा उडून शोषकता घटते, म्हणून सोडालाइम मूळ हवाबंद डब्यात, सावलीत ठेवावे आणि वापरलेले दाणे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे टाकावेत. ते वापरून झाले तरी त्यांतला सोडा तसाच असतो.