पॅलिसरच्या त्रिकोणातलं पाणी

जॉन पॅलिसरने 1857 ते 1860 या काळात कॅनडाची पश्चिमेकडची गवताळ मैदानं पालथी घातली आणि दक्षिणेचा एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीला निरुपयोगी ठरवला. पुढे 1870 च्या दशकात वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन मॅकून तिथे हिंडला. त्याला गुडघाभर हिरवळ दिसली. ही जमीन गव्हासाठी उत्तम आहे, असं त्याने सरकारला कळवलं. माझ्या मते खोटं दोघंही बोलले नाहीत. एकाने कोरडी वर्षं पाहिली, दुसऱ्याने ओली. सरकारला मॅकूनचंच म्हणणं पटलं आणि वसाहत त्याच भरवशावर झाली.

1894 च्या सिंचन कायद्याने नद्यांचं पाणी सरकारच्या मालकीचं केलं. नदीकाठी जमीन आहे म्हणून पाण्यावर हक्क, हे बंद झालं. ज्याचा परवाना जुना, त्याला पाणी आधी, हा नियम आला. मग कालवे निघाले. रेल्वेमार्ग बांधण्याच्या मोबदल्यात कोरडी जमीन मिळालेल्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने बो नदीवर बसानो धरण बांधलं. ते 1914 मध्ये पूर्ण झालं.

पण कालव्याचं पाणी मिळणारे शेतकरी थोडेच होते. 1930 च्या दशकात अवर्षण आलं, नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली, माणसं गावं सोडून गेली. 1935 मध्ये केंद्र सरकारने मैदानी शेतीच्या पुनर्वसनासाठी खास यंत्रणा उभी केली. तिचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे शेततळी. या सपाट भागातलं बरंच पाणी नदीपर्यंत पोचतच नाही, ते जागच्या जागी खोलगट भागांत साचतं. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते. पाणी मुरत नाही, वाहू लागतं. वर्षभरातली पाणी धरण्याची मुख्य संधी हीच. उन्हाळ्यात कोरडा वारा उघड्यावरचं पाणी झपाट्याने उडवतो, म्हणून तळं पसरट करायचं नाही, खोल करायचं. सरकारी मदतीने अशी हजारो तळी खोदली गेली. गुरं जगली, घरं टिकली.

दक्षिण सस्कॅचेवन नदीवरचं गार्डिनर धरण 1967 मध्ये पूर्ण झालं. 64 मीटर उंच, सुमारे 5 किलोमीटर लांब मातीचा बांध आणि त्यामागे 225 किलोमीटर पसरलेला डिफेनबेकर जलाशय. इथल्या मूळ रहिवासी क्री लोकांना पवित्र असलेला मिस्तासेनी हा प्रचंड खडक जलाशयाच्या जागेत होता. बसलेल्या गव्यासारखा दिसणारा तो खडक वाचवायचे प्रयत्न झाले, पण 1966 मध्ये तो सुरुंग लावून फोडला. ही किंमत धरणाच्या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या प्रांतांचं काय? 1969 च्या करारानुसार वरच्या अंगाच्या आल्बर्टा प्रांताने पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांच्या नैसर्गिक प्रवाहातलं साधारण निम्मं पाणी शेजारच्या सस्कॅचेवन प्रांतासाठी सोडायचं असतं. राहिलेल्या वाट्यावर इतके परवाने दिले गेले, की 2006 मध्ये बो, ओल्डमन आणि दक्षिण सस्कॅचेवन नद्यांच्या उपखोऱ्यांत आल्बर्टाने नवे अर्ज घेणं थांबवलं. आता तिथे नव्या गावाला किंवा कारखान्याला पाणी हवं असेल, तर ते कुणाकडून तरी, बहुधा जुन्या सिंचन संस्थेकडूनच, मिळवावं लागतं.