ड्रोमानाचे गेट लॉज: आयर्लंडमधला हिंदुस्थानी घुमट

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात फिनिस्क नदीवर एक पूल आहे. त्याच्या टोकाला कांद्याच्या आकाराचा घुमट, बारीक मिनार आणि टोकदार गॉथिक कमानी एकत्र उभ्या दिसतात. हे आहे ड्रोमाना इस्टेटीचे प्रवेशद्वार, म्हणजे गेट लॉज.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या बड्या इस्टेटींत मालकाचे घर फाटकापासून बरेच आत असे. फाटक उघडणारा माणूस तिथेच राहावा म्हणून लॉज बांधत, आपल्या वाड्यांना देवड्या असत तसे. पण मालकाची ऐपत आणि आवड पाहुण्याला प्रथम इथेच कळे, त्यामुळे या छोट्या इमारतींवर हौसेने पैसा ओतला जाई. राहणाऱ्याची सोय कोण पाहतो! कमानीच्या दोन अंगांना दोन खोल्या, हा नमुना दिसायला सुरेख; दरवान्याचा संसार मात्र मधल्या रस्त्याने दुभागला जाई.

ड्रोमानाला हे हिंदुस्थानी वळण अनेक हातांतून आले. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे चित्रकार १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात फिरले. मुंबईत त्यांची गाठ जेम्स वेल्सशी पडली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवणारा तो हाच. वेरूळची त्याने केलेली रेखाटनेही पुढे डॅनियलांनी छापली. कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलने इंग्लंडमध्ये सेझिंकोट हे मोगली वळणाचे घर बांधले, तेव्हा थॉमसचा सल्ला घेतला. तिथल्या पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतले आहेत. पुढे इंग्लंडमधल्याच ब्राइटनच्या राजमहालाला घुमट-मिनार चढवताना वास्तुरचनाकार जॉन नॅशने डॅनियलांच्याच छापील चित्रांचा आधार घेतला. नॅशने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता.

ड्रोमानाचा मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट स्वतः प्रोटेस्टंट, पण कॅथलिकांच्या हक्कांचा कैवारी. १८२६ च्या निवडणुकीत कॅथलिक कुळांनी आपापल्या जमीनदारांना न जुमानता त्याला मते दिली आणि बेरेसफर्डांच्या बलाढ्य घराण्याचा पराभव झाला. तीनच वर्षांनी कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. १८२६ मध्येच त्याने व्हिएन्नाच्या थेरेसिया पॉलिन ओट हिच्याशी लग्न केले. मधुचंद्राहून परतणाऱ्या जोडप्यासाठी कुळांनी ब्राइटनच्या धर्तीवर तात्पुरती कमान उभारली, ती दोघांना इतकी आवडली की नंतर दगडात बांधून घेतली, अशी कथा सांगतात. वॉटरफर्डच्या कुळांना ब्राइटनची शैली कुठून ठाऊक? इस्टेटीच्या कारभाऱ्याचा हात असणार, असे मला वाटते. पक्क्या बांधकामाच्या संदर्भात मार्टिन डे या वास्तुरचनाकाराचे नाव घेतले जाते.

विसाव्या शतकात वास्तूची पडझड झाली होती. १९६० च्या दशकात जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने पुढाकार घेऊन तिची डागडुजी केली.