कातडं कमावताना पाणी कुठे नासतं?

कातडं कमावायला क्रोमऐवजी (म्हणजे क्रोमियमच्या क्षारांऐवजी) झाडाची साल वापरली की चामडं पर्यावरणस्नेही झालं, असं सर्रास धरून चालतात. पण चर्मोद्योगातल्या सांडपाण्याची बरीचशी घाण कमावणं सुरू होण्याआधीच तयार झालेली असते. कातडं टिकवायला लावलेलं मीठ, केस विरघळवणारं सोडियम सल्फाइड आणि चुना ही तिची मुळं. म्हणून सालीने कातडं कमावण्याचा प्रयोग करायचा, तर सुरुवात सालीपासून नको, मिठापासून हवी.

शेळीचं एक कातडं घेऊ. खारवायचं म्हटलं तर त्याच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ लागतं आणि भिजवताना ते पाण्यात उतरतं. जिवाणूंच्या आधाराने चालणारं सांडपाणी शुद्धीकरण हे मीठ काढू शकत नाही. शक्य असेल तर कातडं ताजंच, चार-पाच तासांत कामाला घ्यावं. खारवलेलंच मिळालं तर भिजवण्याआधी ते दांडीवर टाकून जोरात झटकावं. पडलेलं कोरडं मीठ गोळा करता येतं. पाण्यात गेलेलं येत नाही.

सल्फाइड केसांचा लगदा करून टाकतं. शिवाय त्या पाण्यात आम्ल मिसळलं, तर हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू सुटतो. नुसत्या चुन्याला वेळ लागतो, पण केस अख्खे निघतात आणि कंपोस्टमध्ये घालता येतात. कातड्याच्या वजनाच्या 10 टक्के विझवलेला चुना, चौपट पाणी, पाच-सहा दिवस, रोज दोनदा हलवणं. अंगठ्याने रेटल्यावर केस मुळासकट सरकले की बोथट सुरीने खरवडावेत. मागच्या बाजूचं मांस आणि चरबीही काढावी. चुना कातडी भाजतो, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच.

आता चुना बाहेर काढायचा. नेहमी वापरतात त्या अमोनियम सल्फेटने पाण्यात नायट्रोजन वाढतो. त्याऐवजी आधी स्वच्छ पाण्याने धुऊन, वजनाच्या 5 टक्के गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून कातडं त्यात रात्रभर ठेवावं. कोंडा आंबतो आणि त्यातली सौम्य आम्लं चुना सोडवतात. जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. कडेची चीर कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा (चुन्यासारख्या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) थेंब टाका. गुलाबी रंग आला तर चुना अजून आत आहे. तसंच पुढे गेलात तर टॅनिनशी (सालीतल्या, कातडं कमावणाऱ्या तुरट द्रव्याशी) संयोग होऊन काळपट डाग पडतात.

कमावण्यासाठी एक किलो ओल्या कातड्याला दोन किलो कुटलेली बाभळीची साल आणि 400 ग्रॅम हिरडा (बी काढून, कारण टॅनिन गरात असतं). दोन्ही 60-70 अंशांच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून काढा करावा, उकळू नये. भांडं लोखंडी नको. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरड्याची काळी शाई ज्या रसायनाने बनते, तेच इथे कातड्यावर घडतं: एखादा गंजका खिळा पुरतो, निळा-काळा डाग पडतो आणि धुऊन निघत नाही.

टॅनिनचे रेणू कोलॅजनच्या (कातड्यातल्या प्रथिनाच्या) तंतूंना चिकटतात आणि त्यांच्यामधलं पाणी हटवतात. त्यामुळे कातडं सडत नाही. घाई इथेच नडते. सुरुवातीलाच दाट काढा घातला तर वरचा थर लगेच कमावला जातो, वाट बंद होते आणि आतला गाभा कच्चा राहतो. म्हणून पहिल्या दिवशी एक भाग काढा, दहा भाग पाणी. मग दर दोन दिवसांनी दाट. शेळीच्या कातड्याला साधारण 10 ते 15 दिवस, म्हशीच्या जाड कातड्याला महिना किंवा जास्त. कडेची चीर कापून पाहावी: मधे पांढुरकी रेघ दिसली तर अजून थांबायचं.

कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासाठी चालत आलेली रीत या दृष्टीने फार शहाणी आहे. कातडं शिवून पिशवी करतात, टांगतात, आत साल, हिरडा आणि काढा भरतात. पाझरलेला काढा खाली जमतो, तो पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरचं टोकही मुरतं. पाणी मोजकंच लागतं.

नंतर अर्धवट ओल्या चामड्याला 5 ते 8 टक्के एरंडेल किंवा करंजेल चोळून, सावलीत, अधूनमधून ताणत वाळवावं. उन्हात टाकलं तर टॅनिन पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि चामडं काळवंडून तडकतं.

उरलेला काढा मात्र ओढ्यात सोडू नये. टॅनिन सावकाश विघटित होतं, पाणी गडद होतं आणि त्यातला ऑक्सिजन संपतो. तीन पिंपं ठेवावीत: फिका, मध्यम, दाट. नवं कातडं फिक्यापासून दाटाकडे जातं, तर ताजा काढा फक्त दाट पिंपात पडतो आणि वापरून फिका झाला की मागच्या पिंपात सरकतो. अशा रीतीने शेवटच्या पिंपातून जे बाहेर पडतं, त्यात टॅनिन फारच थोडं उरलेलं असतं. साल मात्र तोडलेल्या झाडाचीच घ्यावी. उभ्या बाभळीची साल चौफेर सोलली तर झाड मरतं.

हे चामडं 75 ते 85 अंशांच्या पाण्यात आक्रसतं, तर क्रोमचं उकळतं पाणीही सोसतं. चपलेचा तळ, पट्टा, पिशवी यांना सालीचं चामडं उत्तम. उष्णता सोसायची असेल अशा कामाला ते देऊ नये.